प्रश्न पाण्याचा आणि उत्तर बाईच्या चारित्र्याचं

गावातलं राजकारण फार खालच्या भाषेत गेलं असं हल्ली सगळेच म्हणतात, आणि वर टीव्हीवर मोठे पुढारीच तसं बोलतात तर खाली दुसरं काय होणार असं म्हणून विषय संपवतात. मला हे बायांच्या बाबतीत तरी अजिबात पटत नाही. आमच्या इकडे यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या खेड्यापाड्यात राजकारणात पडलेल्या बाईबद्दल जे बोललं जातं ते रागाच्या भरात तोंडातून निसटलेलं नसतं, वेळ पाहून बोललेलं असतं. तिनं खर्चाचा हिशोब मागितला की बोलतात, उमेदवारी फॉर्म भरायच्या आठवड्यात बोलतात, दारू दुकानाच्या विरोधात सह्या फिरायला लागल्या की बोलतात. एरवी त्याच बाईला तीच माणसं रस्त्यात काकू, वहिनी, मावशी म्हणून हाक मारतात, तिच्या घरच्या मयतीला खांदा द्यायला येतात, म्हणजे रीतभात त्यांना चांगली समजते, ती कधी गुंडाळून ठेवायची हेही समजते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे घाण बोलणं म्हणजे बाईला सभेतून घरी पाठवायची एक पद्धत आहे, आणि जोवर आपण तिला "राजकारण असंच असते" म्हणून सोडून देतो तोवर आरक्षणाचा अर्धा फायदा गावात पोचणारच नाही. पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, महाराष्ट्रानं २०११ मध्ये महिला आरक्षण ५० टक्के केलं. १९९३ मध्ये नवरी म्हणून गावात आलेल्या बाया आता सासवा झाल्या, त्यांच्या सुना ग्रामपंचायत सदस्य झाल्या, पण सभेत बाई बोलायला उठली की काय होतं ते फारसं बदललं नाही.

एका गावच्या ग्रामसभेत पाहिलेलं सांगते. गावाचं नाव देत नाही, कारण हे कोणत्याही गावात होते. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वऱ्हांडा, पुढं खुर्च्या, त्यावर सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, तलाठी, आणि बाया मागं भिंतीला टेकून खाली बसलेल्या. पहिल्यांदाच निवडून आलेली एक सदस्य उठली आणि म्हणाली, "टाकी बांधून दोन उन्हाळे झाले, बिल निघालं, मंग पाणी काहून येत नाही थे सांगा." आवाज मोठा होता पण एकही वावगा शब्द नव्हता. ग्रामसेवक रजिस्टर चाळायला लागला. तेवढ्यात मागून एकजण बोलला, "आधी तुया नवरा राती कुठी पडून रायते थे पाय, मंग टाकी पाय." हशा झाला. दुसऱ्यानं लगेच जोडलं, "अन् हे बाई हप्त्याहप्त्याले तालुक्याले कायले जाते थे बी इचारा कोनी." आणखी मोठा हशा. पुढच्या खुर्च्यांवरही लोक हसले. बाई दोन मिनिटं उभीच होती, मग पदर सावरून खाली बसली, आणि सभा घरकुलाच्या यादीवर गेली. नंतर प्रोसिडिंग बुकात मी वाचलं तर तिथं एक ओळ होती, "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करण्यात आली." टाकीचं उत्तर काही मिळालं नाही. पुढच्या सभेला ती आली पण गप्प बसली, त्याच्या पुढच्या सभेला तिचा नवरा आला आणि रजिस्टरवर तिची सही तेवढी घरून आली.

इथं नीट पाहा की काय झालं. प्रश्न पैशाचा होता, कामाचा होता, त्याचं उत्तर कोणाकडं तरी असायला पाहिजे होतं, आणि ते द्यावं लागू नये म्हणून बाईचं घर, तिचा नवरा, तिचं तालुक्याला जाणं सभेत काढलं गेलं. ज्यानं टोमणा मारला त्याला तिचा राग नव्हता, त्याला टाकीच्या विषयावरून सभा हलवायची होती आणि त्यानं ती एका वाक्यात हलवली. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते अध्यक्षांचं गप्प राहणं, कारण सभा थांबवून "हा विषय नाही, टाकीचं बोला" एवढं म्हणायला कोणताही जीआर लागत नाही.

लोक म्हणतात शिव्या तर माणसांनाही बसतात, बाईनं राजकारणात यायचं तर जाड कातडीनं यावं. माणसांना बसतात हे खरं आहे. पण माणसाला म्हणतात चोर, रस्ता खाल्ला, मुरूम खाल्ला, कमिशन घेतलं, म्हणजे काही का असेना शिवी कामाच्या आसपास राहते आणि तो दुसऱ्या दिवशी पानटपरीवर उभा राहून चार शिव्या परत देतो. बाईला जे म्हणतात त्याचा कामाशी संबंध नसतो, आणि ते तिच्या आधी तिच्या घरी पोचते. सासू ऐकते, दीर ऐकतो, पोरगा कॉलेजात जातो तर त्याचे मित्र ग्रुपवरचा मेसेज त्याला दाखवतात. मग घरातूनच सुरू होतं की बस झालं आता तुझं राजकारण, पोरीचं लग्न व्हायचं आहे अजून. विरोधकाला काही करावंच लागत नाही, उरलेलं काम घर करतं. दलित किंवा आदिवासी बाई असेल तर त्यात जातीचं वेगळं, ते तोंडावर नाही बोलत, पण बोलतात, आणि तिच्या पाठीशी उभं राहणारी माणसंही पुढच्या खुर्च्यांवर कमी असतात.

याला जोडूनच ते सरपंचपतीचं प्रकरण आहे. त्यावर दिल्लीतल्या पंचायत राज मंत्रालयानं समिती नेमली, २०२५ मध्ये अहवाल आला, बाईच्या जागी कारभार करणाऱ्या नवऱ्यावर कडक दंडाची शिफारस झाली. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. डिजिटल सहीचा डोंगल नवऱ्याच्या खिशात आणि बाई वावरात असं चित्र मीही पाहते. पण नुसतं नवऱ्याला दोष देऊन भागत नाही. कितीतरी बाया सुरुवातीला स्वतः जायला लागतात, पहिले सहा महिने उत्साहानं जातात, आणि मग एक दिवस ऐकून येतात आणि म्हणतात, "तुमीच जा बाप्पा, मले नाही ऐकवत थे." अशी बाई मागं सरली की आपण लगेच म्हणतो की पाहा, बायांना राजकारणात रस नसतो. तिला मागं कोणी ढकललं ते कोणी विचारत नाही.

कायद्यानं बाईला काही संरक्षण दिलं आहे हेही सांगितलं पाहिजे. महिला राखीव पदावरच्या सरपंच बाईवर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात. पण म्हणून दुसरे रस्ते निघाले. अतिक्रमण, तिसरं अपत्य, जात वैधता, यातलं काही ना काही उकरून जिल्हाधिकाऱ्यांकडं अपात्रतेचा अर्ज टाकायचा. हे नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, गायरानावर घर बांधून सरपंच होऊ नये हे बरोबरच आहे. पण त्यातलं अतिक्रमण सासऱ्यानं केलेलं असू शकतं, ती लग्न होऊन आली तेव्हा घर तिथं उभंच होतं, आणि तिनं हिशोब मागेपर्यंत त्या घराबद्दल गावात कोणाची तक्रार नसते. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच बाईंना असंच सरकारी जागेवर राहतात म्हणून काढलं होतं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टानं त्यांचं पद परत दिलं. बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही अशा अर्थाचं कोर्ट तेव्हा बोललं. एका ग्रामपंचायतीच्या बाईला स्वतःची खुर्ची टिकवायला दिल्ली गाठावी लागली. किती जणींना जमेल ते.

आता एक गोष्ट मला स्पष्ट करायची आहे, कारण सभ्यतेची गोष्ट काढली की ती उलटी फिरते आणि बायांच्याच अंगावर येते. बाई मोठ्यानं बोलली, भांडली, घागर घेऊन पंचायतीत आली, तर लगेच म्हणतात पाहा किती उद्धट आहे, बाईच्या जातीला शोभते का. हे मी मान्य करत नाही. आमची वऱ्हाडी बोलीच मोकळ्या गळ्याची आहे, वावरात एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायची सवय असलेली बाई सभेतही तशीच बोलणार. मोठा आवाज म्हणजे असभ्यपणा नाही. पाण्यासाठी ओरडणं, रेशनसाठी ओरडणं, ग्रामसेवक तीन हप्ते आला नाही म्हणून पंचायतीला कुलूप लावणं, हे राजकारणच आहे आणि त्याला चांगली जुनी परंपरा आहे. माझी हरकत मुद्दा सोडून माणसाचं घर काढण्याला आहे, मग ते कितीही हळू आवाजात आणि कितीही शुद्ध भाषेत काढलेलं असो. कधी कधी तर सगळ्यात घाण गोष्ट सगळ्यात गोड आवाजात बोलली जाते, "ताई, तुमच्या घरचं आम्हाले माहीत आहे, आम्ही काही बोलत नाही."

परंपरा म्हटलं तर ती पाहा. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब आंबेडकर समोर, आणि वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या असं सांगतात. त्यातल्या किती जणींना लिहिता वाचता येत असेल, पण त्यांनी ठराव केले. ८० च्या दशकाच्या शेवटाला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं पूर्ण बायांची पॅनलं उभी केली तेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात बायांचीच ग्रामपंचायत आली, ५० टक्के सोडा, तेव्हा ७३ वी घटनादुरुस्तीही व्हायची होती. आणि डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी गेल्या, २०१५ मध्ये जिल्ह्यात बंदी झाली, २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. बंदी बरोबर की चूक यावर वाद आहे, असू द्या, पण पायी चालणाऱ्या त्या बायांना घरी बसवायला काय काय बोलल्या गेलं असेल ते खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दारूवरूनच घाण बोलण्याचा हिशोब सगळ्यात स्पष्ट दिसतो. दुकान ठेवायचं की नाही यावर गावात मतदान होते, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. या आडव्या बाटलीचा नियम असा आहे की गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर मतदान घेता येते, आणि दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागते. एकूण मतदारांपैकी, आलेल्यांपैकी नाही. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरीच राहिली ती उभ्या बाटलीच्याच कामाची. दुकानवाल्याला कोणाचं मन वळवायची गरज नाही, त्याला फक्त पुरेशा बाया घरी राहतील एवढं करायचं असते. मग मतदानाच्या आधी ज्या बाया सह्या घेत फिरतात त्यांच्याबद्दल गावात गोष्टी सुटतात, कोणाबरोबर फिरते, कोणाकडून पैसे घेतले, रात्री कोणाची गाडी दारात होती. त्या चार-पाच जणी नाही घाबरत, त्या पक्क्या झालेल्या असतात. पण त्यांच्या मागं येणाऱ्या पन्नास-शंभर सुना, लेकी विचार करतात की आपलं नाव कशाला निघू द्यायचं, आणि नेमक्या तेवढ्याच मतांनी ठराव पडतो. दारूच्या दुकानाचं एवढं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. जो माणूस म्हणतो की बोलण्यानं काय होते, त्याला मी ही मतमोजणी दाखवेन.

आता आपल्या बायांच्या मंडळांबद्दल बोलायला पाहिजे, आणि ते बोलताना मला त्रास होतो कारण मी त्यातलीच आहे. प्रत्येक पक्षाची महिला आघाडी आहे, तालुकाध्यक्ष आहे, गावोगाव शाखा आहे, फलक आहे. काम काय दिलं आहे त्यांना? संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, त्यात नेत्याच्या फोटोचं वाण, स्टीलचा डबा नाहीतर पर्स. नेता आला की औक्षण. सभा असली की गाडीत भरून बाया नेणं आणि खुर्च्या भरणं. लाडकी बहीण आल्यापासून तर मेळावे वाढले आणि न आलेल्या बाईला दुसरी बाईच सांगते की आली नाहीस तर यादीतून नाव जाईल. हळदीकुंकवाला मी नावं ठेवत नाही, त्या निमित्तानं का होईना बाई घराबाहेर पडते, दोन तास बसते, बोलते. पण तिकीट कोणाला द्यायचं, पॅनलमध्ये कोण, कोणत्या वॉर्डात कोणता रस्ता, हे जेव्हा ठरते तेव्हा आघाडीची एकही बाई त्या खोलीत नसते, आणि याबद्दल आघाडीनं कधी तोंड उघडल्याचं मी ऐकलं नाही.

आणि त्या हळदीकुंकवाला विधवा बाई नसते. यवतमाळ जिल्ह्यात हे म्हणताना अंगावर काटा येतो. शेतकरी आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं तिथं प्रत्येक गावात अशा बाया आहेत, ज्यांनी नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याच्या चकरा मारल्या, बँकेत कर्जाचं भांडण केलं, तहसीलमध्ये मदतीची फाईल शोधून काढली, सासरच्यांशी जमिनीसाठी उभ्या राहिल्या. ऑफिस कसं चालते हे गावात त्यांच्याएवढं कोणालाच समजत नाही. ग्रामसभेत उभं करायला याहून तयार बाई कुठं मिळणार आहे? आणि आपल्या महिला आघाडीचा मुख्य कार्यक्रम असा की जिथं तिला बोलावताच येत नाही. कोल्हापूरच्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनं परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं. आपल्या तालुक्यातल्या आघाड्यांनी निदान वाण तरी सगळ्यांना द्यावं. पुरुषांनी बाईचं घर काढणं ही असभ्यता, तर बायांनी बाईला दारातून वगळणं ही काय वेगळी आहे का.

बायाच बायांच्या दुश्मन असतात हे वाक्य मात्र मला चालत नाही, ते म्हणणाऱ्यानं पॅनल कसं बनते ते पाहावं. जागा महिला राखीव, म्हणून दोन्ही पार्ट्यांना बाई लागते. एका पार्टीनं पाटलाची थोरली सून घेतली की दुसरी पार्टी मुद्दाम धाकटी सून उभी करते, कारण मतं फुटतात. जावा-जावांना समोरासमोर करायचं, नणंद-भावजयीला करायचं, एकाच बचत गटातल्या दोघींना करायचं. प्रचारात एकीबद्दल जे बोलायचं ते दुसरीच्या तोंडून वदवून घ्यायचं, म्हणजे माणसांचे हात स्वच्छ. निकाल लागला की दोन्ही पार्टीप्रमुख संध्याकाळी धाब्यावर एकत्र बसतात, आणि त्या दोघी जावा पाच वर्षं एकमेकींच्या चुलीपाशी जात नाहीत. गट फुटला तर त्याहून वाईट, कारण गटात पैसा असतो. दहा-बारा जणींनी आठवड्याला टाकलेली बचत, बँकेचं कर्ज, कोणाची शेळी त्यावर, कोणाची शिलाई मशीन. दोघी बोलेनाशा झाल्या की एकीनं हप्ता थांबवला, मग दुसरीनं, आणि बँकेच्या कागदावर सगळाच गट थकबाकीदार. सदस्यपदाच्या एका जागेसाठी दहा घरांचं कर्ज अडकते आणि ज्यांनी हे लावून दिलं त्यांचं काहीच अडकत नाही.

म्हणून मी मंडळातल्या, गटातल्या बायांना म्हणते की निवडणुकीत समोरासमोर लढा, जोरात लढा, पण एक ठरवून घ्या की समोरच्या बाईचं काम काढायचं, हिशोब काढायचा, तिचं घर काढायचं नाही, आणि आपल्या पार्टीच्या माणसानं काढलं तर आपणच त्याला थांबवायचं. दोन्ही पॅनलच्या उमेदवार बायांनी फॉर्म भरायच्या आधी एकत्र बसून एवढं ठरवलं तर पुरुषांना चिखल टाकायला हात मिळणार नाहीत.

हे अवघड वाटते, पण बायांना सभा चालवता येत नाही असं तर नाही. गावातली सगळ्यात शिस्तीची बैठक कोणती असेल तर ती बचत गटाची. गोल बसतात, खुर्ची नसते, हजेरी होते, मागच्या बैठकीचं वाचतात, एकजण बोलताना दुसरी बोलत नाही, कर्ज कोणाला द्यायचं यावर तासभर वाद होतो आणि शेवटी ठरते ते रजिस्टरमध्ये लिहितात आणि सगळ्या सह्या करतात. वाद होतोच, पैशाचा वाद सगळ्यात कडू असतो, तरी तिथं कोणी कोणाच्या नवऱ्याचं पिणं काढत नाही, कारण उद्या तिच्याच सहीवर आपलं कर्ज मंजूर व्हायचं आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा लेखा आहे, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं, तिथली ग्रामसभा बहुमतानं नाही तर सर्वसहमतीनं निर्णय घेते. सहमती घ्यायची म्हटलं की मागं भिंतीला टेकलेल्या बाईचंही ऐकावंच लागते, तिला हसून खाली बसवून काम पुढं सरकत नाही. माझ्या मते सभेच्या पद्धतीतच सभ्यता असते, माणसं दोन्हीकडं सारखीच आहेत. बहुमताच्या गावात बाईला गप्प केलं की एक मत कमी होते, सहमतीच्या गावात तिला गप्प केलं की निर्णयच अडतो.

प्रत्येक गाव मेंढा होणार नाही. पण आपल्याच कायद्यात जे आहे ते तरी करता येईल. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा नियम आहे. होते काय, तर शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि बाया कापूस वेचून आल्या की चुलीपाशी सही करतात. वर्षाच्या ठरलेल्या ग्रामसभा पाहा, २ ऑक्टोबरची तर बरोबर सोयाबीन सोंगणीत येते, सकाळी ११ ला. त्या दिवशी सभेला बसायचं म्हणजे बाईची मजुरी बुडते, आणि मजुरी बुडवून आलेली बाई जर टोमणे ऐकून जाणार असेल तर ती पुन्हा कशाला येईल? महिला सभा आदल्या दिवशी संध्याकाळी घ्या, खरोखर घ्या, तिथं जे ठरलं ते दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत पहिला विषय म्हणून वाचा. टाकीचा प्रश्न एका बाईनं उठून विचारला तर तिचा नवरा काढता येतो, तोच प्रश्न चाळीस बायांच्या सह्यांनी आला तर चाळीस नवरे कोणी काढत नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपचं वेगळं सांगायला नको. गावाचा ग्रुप असतो, नावात विकास असतो, आणि निवडणुकीत त्यावर एडिट केलेले फोटो पडतात. ॲडमिन म्हणतो मी काय करू, ज्यानं टाकलं त्याला विचारा. ॲडमिन काढू शकतो, आणि काढत नसेल तर त्याची मर्जी आहे असंच समजायचं. बाईचा अपमान व्हावा म्हणून केलेलं बोलणं, हावभाव हा गुन्हा आहे, आधी भादंवि ५०९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवावा. सगळ्याच गोष्टी पोलिसात न्याव्या असं मी म्हणणार नाही, ठाणं वीस किलोमीटरवर असते आणि तिथं जायलाही पुन्हा तेच ऐकावं लागते की हे बाई तालुक्याला कायले जाते. पण एकानं जरी नोटीस खाल्ली तर ग्रुपवरचे बाकीचे किती लवकर सुधारतात ते पाहण्यासारखं असते.

पक्षांकडून माझी अपेक्षा कमी आहे तरी सांगते. कार्यकर्त्यानं पैसे खाल्ले तर नाही, पण साहेबांविरुद्ध बोलला तर त्याला एका दिवसात काढता, मग बाईबद्दल ग्रुपवर घाण टाकली म्हणून एकाला तरी पदावरून काढून दाखवा, आणि तो आपल्या पक्षाचा असेल तर आधी काढा. तालुक्याच्या महिला अध्यक्षांनी ही एक मागणी लावून धरली तर पुढच्या संक्रांतीला वाण नाही वाटलं तरी चालेल.

आणि तोवर सभेत करायची गोष्ट एकच आहे, लिहून घेणं. बाईनं प्रश्न विचारला आणि उत्तर म्हणून तिचं घर निघालं तर तिनं बसायचं नाही, किंवा तिला बसवलं तर शेजारचीनं उठायचं, आणि म्हणायचं की प्रोसिडिंगमध्ये घ्या, प्रश्न काय होता, कोणी काय उत्तर दिलं, त्याच्याच शब्दात घ्या. बोलणारा तिथंच अर्धा ढिला पडतो, कारण हवेत बोललेलं वेगळं आणि पंचायतीच्या दप्तरात आपल्या नावासमोर राहिलेलं वेगळं. ग्रामसेवक घ्यायला तयार नसेल तर साध्या कागदावर स्वतःचं म्हणणं लिहायचं, चार बायांच्या सह्या घ्यायच्या, सभा उठायच्या आत आवकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्यायची, आणि एक प्रत पंचायत समितीत बीडीओंकडे टाकायची. त्या कागदाची पहिली ओळ टाकीच्या पाण्याचीच असली पाहिजे, टोमणा दुसऱ्या ओळीत.